माहेरच्या दारातली वीज

संपादकांनी मला फिरत्या घरांचे रोमांचक अनुभव लिहायला सांगितले. आधीच स्पष्ट सांगते, मी फिरत नाही. मी वायरी ओढते. फिरतात ते लोक, आणि कुठंतरी दिवा गेला, पंखा थांबला की मला फोन करतात.

बारामती एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही गाड्यांची घरं करतो. शाळेची पोरं ने-आण करून थकलेली मिनीबस येते, रुग्णवाहिकेतून बाद झालेली व्हॅन येते, कधी एखादी नवी कोरी गाडीही येते. सुतार पलंग आणि कपाटं बसवतो, पत्र्याचं काम करणारा खिडक्या कापतो, आणि त्या घरात उजेड पडला पाहिजे, पंखा फिरला पाहिजे, एवढं माझ्याकडे. कळसहून रोज मोटारसायकलवर येते. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. घोड्यावर संसार लादून ती माणसं वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ राहायची. त्यांना कुणी पर्यटक म्हटलं नाही, "पाल उचला इथनं" म्हटलं. आता तेच पुण्याचे साहेब करतात तर त्यांना शेतकरी स्वतःच्या अंगणात जागा देतो, वर चहा देतो. असो. हे "असो" मी अलीकडे शिकलेय. त्याआधी मी वीजग्राहकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका गटात होते. पत्रकं लिहायची, बाजाराच्या दिवशी वाटायची, कुणी घेतलं नाही तर त्याच्या पिशवीत कोंबायची. अजूनही रविवारी तेच करते. पत्रकात "असो" नसतं.

आता धंदा समजून घ्या. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करायची, तिला घरकामाला लावायचं नाही. दुसरी घराची. दिवे, पंखा, पंप, फ्रीज सगळं तिच्यावर. ही दुसरी भरायचे तीन रस्ते आहेत. गाडी चालवत राहा, छतावर सौर पॅनेल टाका, नाहीतर जिथं मुक्काम कराल तिथल्या भिंतीतल्या प्लगला वायर लावा. तिसरा रस्ता सगळ्यात खात्रीचा. गाडीच्या अंगाला एक निळं गोल सॉकेट असतं. झाकण उचलायचं, जाड वायर त्यात बसवायची, दुसरं टोक यजमानाच्या घरात. आतला चार्जर घरच्या विजेतून बॅटरीला पचेल तेवढं काढून घेतो आणि तिला भरवत बसतो. म्हणजे चाकांवरचं घर कितीही स्वतंत्र दिसलं तरी रात्री ते कुणाच्यातरी घरचं जेवतं. ही गोष्ट गिऱ्हाइकांना पटत नाही. त्यांना वाटतं, बॅटरी आपली म्हणजे वीज आपली.

उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आलेलं एक जोडपं होतं. शेतकऱ्याच्या घरातून वायर घेतलेली, ती पण गुंडाळलेल्या वेटोळ्यातनंच. वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि वितळून तिचा गोळा होतो, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण मान हलवतो. तर त्या एका वायरीवर ह्यांनी शेगडी, किटली आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं. शेतकऱ्याच्या घरचा खटका पडला. बाई फोनवर मला म्हणाल्या, "तुमची बॅटरी खराब आहे." मी म्हटलं, "बॅटरी ठणठणीत आहे. तुम्ही दुसऱ्याच्या घरातून तीन घरांची वीज ओढताय." तेवढ्यात फोन त्या शेतकऱ्याच्या आईनं घेतला. "बाय, ह्यास्नी काय बोलू नगंस. पाव्हणी हायती. एक दिस आमी टीव्ही बगितला न्हाय तर मरत न्हाय." मला पाहुण्यांचा राग आला तेवढाच त्या म्हातारीचाही आला. सोसणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. हा माझा स्वभाव आहे, त्यावर औषध नाही.

दुसरा एक शर्यतीच्या बैलाचा मालक. टेम्पोत बैलासाठी पंखा आणि पंख्यासाठी बॅटरी पाहिजे होती. मी विचारलं, "आणि माणसं बसतात त्यांच्यासाठी?"

"माणसं घामानं मरत्यात व्हय? पंखा तेवढा बिनआवाजाचा टाका. त्याची झोप मोडती."

स्वतः मात्र चाकाच्या फुगवट्यावर बसून गेला. त्याचं काम मी मनापासून केलं. आपल्यापेक्षा दुसऱ्याची झोप मोठी मानणारं गिऱ्हाईक रोज भेटत नाही.

पण मला सांगायचंय ते पोपटआबांच्या गाडीचं.

आबांचं आयुष्य दुधाचा टँकर चालवण्यात गेलं. उन्हाळा लागताना एक जुनी शाळेची मिनीबस घेऊन ते शेडच्या दारात उभे राहिले. स्टिअरिंगवरनं उतरलेसुद्धा नाहीत. खिडकीतनंच म्हणाले, "पोरी, हिच्यात मशीन चालल का?"

"कसलं मशीन?"

"श्वासाचं."

त्यांच्या बायकोचं, विमलकाकूंचं मशीन. जन्मभर चुलीचा धूर खाऊन काकूंची फुप्फुसं गेली होती. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन नळीनं नाकाशी पोचवायचा, असं ते यंत्र. विजेवर चालतं, आणि काकूंना ते जवळपास दिवसरात्र लागतं. ते घरात आलं त्या दिवसापासून काकू बारामतीच्या बाहेर पडल्या नव्हत्या. दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. जाण्यायेण्यापुरता लहान सिलेंडर.

"हिचं माहेर बावड्याला," आबा म्हणाले. "थोरला भाऊ हाय, नामदेवतात्या. त्येच्या अंगावरनं वारं गेलं, बाजंवर हाय. त्यो उठत न्हाय, ही हालत न्हाय. दोगं फोनवर नुसतं व्हय-न्हाय करत बसत्यात, आन् फोन ठिवला की ही भिताडाकडं तोंड करती. उन्हाळ्यात समद्या लेकी माहेरी जात्यात. हिला न्यायची हाय मला. ऱ्हायला."

"राहायला" ह्या शब्दावर सगळं अडत होतं, म्हणून त्यांना तिथंच सांगितलं. बॅटरी मी मोठी टाकीन. मशीन तिच्यावर एक रात्र काढेल. पण दुसरी रात्र नाही. राहायचं असेल तर तिथं वायर लावावी लागेल आणि तिथली वीज नीट पाहिजे.

"तिथली लाईट कशी आहे, आबा?"

"चांगली हाय की. बल्ब लागतोय."

सगळ्या जिल्ह्यात ह्या प्रश्नाला हेच उत्तर मिळतं. बल्ब लागतोय. बल्ब कशावरही लागतो हो. म्हणून मी म्हटलं, "मी बरोबर येते. मी तपासल्याशिवाय वायर लावायची नाही. कबूल असेल तर गाडी आत घ्या."

गाडी तयार झाल्यावर काकू बघायला आल्या. लहानखुऱ्या, नाकात नळी, कानामागं अडकवलेली, जशी दुसऱ्या कुणी चष्म्याची दोरी अडकवावी. पलंगावर बसल्या, मशीन सुरू करून दाखवलं, बॅटरीवर ते गुरगुरायला लागलं. काकूंनी हात फिरवून गादी बघितली, पडदा बघितला, मग मला बघितलं.

"तुला बगत्यात का गं, लग्नाचं?"

"बघतात की. पण मी म्हणते आधी अर्थिंग दाखवा."

काकू हसल्या आणि हसताना त्यांना धाप लागली. पुन्हा विनोद करायचा नाही असं मी ठरवलं. त्या मात्र खुणेनं म्हणाल्या, आणखी बोल.

बावड्याच्या अलीकडं उसाच्या रानात तात्यांची वस्ती. पाच-सहा घरं. आम्ही पोचलो तेव्हा तात्यांची बाज अंगणात आणून ठेवलेली. आबांनी गाडी बाजेच्या इतकी जवळ लावली की गाडीतलं मशीन गाडीतच राहिलं आणि काकू लांब नळी घेऊन खाली उतरल्या. नळी बरोबर बाजेपर्यंत पुरली. काकू बाजेच्या कडेला टेकल्या. तात्यांचं अर्धं तोंड हलत नाही, बोलणं जड येतं, पण मला प्रत्येक शब्द कळला.

"आलीस व्हय, इमल."

"आले. दाव्याला बांधल्यावानी आले."

"बांधलेलंच बरं. लहानपणी लई पळायचीस."

तात्यांचा चांगला हात काकूंच्या गुडघ्यावर होता. आबा उगाचच टायर बघायला गेले. तात्यांची सून सारिका पदराला हात पुसत आली आणि मला म्हणाली, "ताई, प्लग ओट्यावर हाय. लावा."

मी पिशवीतनं व्होल्टेज मोजायचा मीटर काढला. प्लगला व्होल्टेज बघितलं तर इतकं कमी, की आमचा चार्जर ते घेणारच नाही. तो शहाणा असतो, कमी विजेवर बंद पडतो.

"कमी दाखवतंय," मी म्हटलं.

"व्हय, उन्हाळ्याचं कमीच असतंय. थांबा, तुळशीला पाणी घालते."

मला वाटलं, हिनं माझं बोलणं ऐकलंच नाही. सारिका कळशी घेऊन गेली, अंगणातल्या तुळशीच्या बुडात ओतली, रिकामी कळशी कमरेवर घेऊन परत आली. "आता बगा."

मी बघितलं. माझ्या हातातल्या मीटरवर आकडा चढत होता.

थोडं समजावून सांगते. वीज दोन तारांवर चालते. एकीनं येते, ती फेज; दुसरीनं परत जाते. परत जायच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. ह्या वस्तीची न्यूट्रल तार पूर्वी कधीतरी उसाच्या भरलेल्या ट्रॉलीत अडकून तुटली होती. सगळे दिवे गेले. मग तात्यांनी, तेव्हा ते धडधाकट होते, डोकं चालवलं. अंगणात अर्थिंगसाठी ठोकतात तसा लोखंडी गज ठोकला, घराची परतीची वायर त्याला बांधली. वीज आता तारेनं यायची आणि जमिनीतनं परत जायची. दिवे लागले. त्यांचं बघून सगळ्या वस्तीनं गज ठोकले. पण जमीन वाळली की वीज परत जाताना अडखळते, दिवा मंद होतो, म्हणून बुडात पाणी घालायचं. आणि रोज न चुकता पाणी कुठं पडतं? तुळशीला. तात्यांनी गज तुळशीच्या मुळाशी ठोकला होता.

डोकं म्हणून त्याला तोड नाही. पण आमच्या गटाचं पहिलं पत्रक ह्याच डोक्याविरुद्ध होतं. मथळा मीच दिला होता: अर्थिंग म्हणजे न्यूट्रल नव्हे! उद्गारचिन्हासकट.

मी सारिकाला विचारलं, "पाणी घालताना कधी काही जाणवतं का?"

"झिनझिन्या येत्यात कदी कदी पायाला. पंखा चालू असला की जास्त." मग जरा आदरानं म्हणाली, "तुळस जागृत हाय आमची."

मी वायर परत गुंडाळायला लागले.

"काय झालं?" आबा आले.

"इथं लावता येणार नाही."

"का? चढला की आकडा!"

मी सांगितलं. आतापर्यंत ह्या गजातनं दोन दिवे आणि एका पंख्याची वीज जमिनीत जायची, त्यालाच झिणझिण्या येतात. मशीन आणि चार्जर जोडला तर त्याच्या कितीतरी पट जाईल. ओल्या मातीवर अनवाणी उभी राहून ही कळशी ओतेल आणि तिथंच पडेल. बरं, प्लगमधली अर्थिंगची पिनही त्याच गजाला बांधलीय. म्हणजे आपल्या गाडीचा पत्रा जिवंत होणार, आणि काकूंचा हात दाराच्या दांडीवर. हे सगळं मी मोठ्यानं सांगितलं, पत्रक वाचल्यासारखं. वस्तीवरची माणसं जमली होती, त्यांनाही सांगितलं. एकजण म्हणाला, "इतकी वरसं काय झालं न्हाय ते." हे वाक्य मी कितीदा ऐकलंय! झालं की मग सांगायला तोच माणूस नसतो.

तात्यांनी बाजेवरनं हाक मारली. जवळ गेले.

"माज्या दारात," ते सावकाश, एकेक शब्द ढकलत म्हणाले, "माज्या बहिणीला... लाईट मिळत न्हाय म्हंतीस?"

पत्रकात ह्याचं उत्तर नव्हतं. गज त्यांनीच ठोकला होता. त्या गजावर नातवंडांनी अभ्यास केला होता. आणि एक परकी पोरगी सगळ्या वस्तीदेखत सांगत होती, की तुमच्या दारात तुमच्या बहिणीला श्वास घेता येणार नाही.

"नाही मिळत, तात्या," मी म्हटलं. "खोटं सांगू का?"

त्यांनी तोंड फिरवलं. पुरतं फिरत नव्हतं, तरी फिरवलं.

आबांनी हिशेब लगेच ओळखला. बॅटरी सकाळपर्यंत. म्हणजे पहाटेच निघायला हवं, आणि रस्त्यात काही झालं तर? त्यापेक्षा आत्ताच. "चहा घिऊ आन् निगू," ते हळू म्हणाले. सारिकानं आंबे पाण्यात भिजत घातले होते. ती घमेल्याकडं बघत उभी राहिली. राहायला म्हणून आणलेल्या बाईला चहावर परत न्यायचं. मला माझाच राग आला असं नाही, मी बरोबरच होते. पण बरोबर असून इतकं वाईट वाटलेलं आठवत नाही.

काकू इतका वेळ नळी बोटाशी खेळवत बसल्या होत्या. आता म्हणाल्या, "मला डेरीत न्या."

"कुटं?"

"दुधाच्या डेरीत. तितं दूध गार करायचं मशीन हाय न्हवं का आता? रातभर चालतंय. त्यास्नी लाईट नीटच ठेवाय लागत आसंल." मग श्वास घ्यायला थांबल्या. "त्ये दूध नासू देत न्हाईत, मला बरं नासू देतील?"

आबा जन्मभर डेअऱ्यांमधनं दूध उचलत आलेला माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला. "हे माज्या डोस्क्यात कसं आलं न्हाय?"

"तुमच्या डोस्क्यात माहेर कुटं हाय," काकू म्हणाल्या.

डेअरी गावाच्या दुसऱ्या अंगाला, वेगळ्या लाइनीवर. सचिव हनुमंतराव काकूंच्या वर्गातले निघाले. मी मीटर लावला आणि खरं सांगते, मला तो प्लग बघून माया दाटून आली. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, तिन्ही जागच्या जागी. आवारात पशुखाद्याच्या पोत्यांशेजारी, पत्र्याच्या शेडखाली गाडी लावली. वायर पूर्ण उलगडली. चार्जरचा पंखा सुरू झाला.

पण काकूंचं तोंड उतरलेलंच. माहेर म्हणजे डेअरी नव्हे. भाऊ तिकडं, आपण इकडं, आणि मध्ये अख्खं गाव.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत बाज, बाजेवर तात्या, चारी खुरांना चार पोरं धरून बसलेली, सारिका आंब्याचं घमेलं मांडीवर घेऊन. ट्रॉली आवारात वळली तशी तात्यांनी चांगला हात वर केला.

"हिला लाईट न्हाय म्हनली तुमची मास्तरीण," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "मला तर चाकं हायती न्हवं?"

बाज गाडीच्या दाराशी ठेवली. पायरीच्या उंचीला बरोबर येत होती. काकू गाडीत पलंगावर, तात्या बाहेर बाजेवर, मध्ये फक्त दाराची चौकट. हनुमंतरावांनी स्वतःच्या खोलीतला पंखा आणून तात्यांकडं तोंड करून लावला आणि मला विचारलं, "ह्यो चालल न्हवं का, मास्तरीणबाई? का ह्येला बी पत्रक हाय?"

त्या डेअरीच्या आवारात विमलकाकूंचं माहेरपण झालं. मी नंतर काही दिवस नव्हते, शेडमध्ये काम होतं, पण सारिका फोनवर सगळं सांगायची. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव दूध घालायला येतं. एरवी लेक माहेरी आली तर वस्तीला कळतं, इथं गावाला कळलं. कॅन खाली ठेवून बाया गाडीत डोकावायच्या. "इमल न्हवं ही? गं बया, किती वाळलीस." कुणी खरवस आणला, कुणी तुपाची वाटी. लहानपणच्या दोन मैत्रिणी पायरीवरनं उठायलाच तयार नव्हत्या. दुधाचं फॅट काढायला उशीर होतोय म्हणून हनुमंतराव ओरडले तर काकू आतनं म्हणाल्या, "शाळंत बी आसाच वराडायचा." आमरस डेअरीच्या ओट्यावर झाला, पोळ्या सारिकानं घरनं करून आणल्या. तात्या दुपारी तिथंच झोपायचे. काकू त्यांच्या कपाळावरची माशी वारत बसायच्या.

पण त्याआधीची एक सकाळ मी स्वतः बघितली. पहिल्या दिवशी मी सारिकाकडं मुक्काम केला होता. सकाळी तिच्याबरोबर डेअरीत आले. माझ्या डोक्यात नवीन पत्रक तयार होतं. वीज कार्यालयावर जायचं, जाब विचारायचा, वस्तीला वाऱ्यावर सोडणाऱ्यांना सोडायचं नाही. मथळासुद्धा ठरला होता. तर रांगेत माझ्यापुढंच एक माणूस दुधाचा कॅन घेऊन उभा, आणि सारिका त्याला म्हणते, "वायरमनभावजी, म्हस कुटली, जुनी का नवी?"

मी तिथंच त्याला धरला. तुटलेली तार, गज, तुळस, झिणझिण्या, सगळं ऐकवलं. तो बिचारा कॅन हातात धरूनच ऐकत होता.

"पर मला कुणी सांगितलंच न्हाय," तो म्हणाला. "मी हितं बदलून आलोय. तक्रार कुटं हाय?"

मी सारिकाकडं बघितलं. सारिकानं आबांकडं. आबांनी बाजेकडं.

"दिवा लागत हुता," तात्या म्हणाले. "काय सांगायचं?"

झालं! माझं अख्खं पत्रक दुधात पडलं. ज्यांच्यावर चिडायचं त्यांना माहीतच नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी चिडायचं त्यांनी सांगितलंच नव्हतं. आमची माणसं अडचणीवर इतका छान तोडगा काढतात, की अडचण आहे हेच विसरून जातात. ह्याच्यावर कसलं पत्रक काढायचं, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं की काढीन. त्या दिवशी एवढंच केलं, की सगळ्या वस्तीची तक्रार तिथल्या तिथं मोबाईलवर नोंदवली, आणि सारिकानं वायरमनला बजावलं, "भावजी, जोडली न्हाय तर रोज हितंच गाठीन. दूध तर घालाय येनारच न्हवं?"

मी परत गेले ती काकूंच्या निघायच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डॉक्टरांकडं दाखवायचं होतं. मी पोचायच्या आदल्या दिवशी तार जोडून झाली होती. मी आधी वस्तीवर गेले. मीटर लावला, सगळं बरोबर. घरांघरांतनं गजाला बांधलेल्या वायरी सोडवून घेतल्या. प्लगमधल्या अर्थिंगच्या पिनेसाठी घरामागं वेगळा गज ठोकला. तुळशीपाशी जुना गज तेवढा राहिला होता. तो उपटून सारिकानं भिंतीला उभा केला. मग रोजच्यासारखी कळशी आणली, तुळशीला पाणी घातलं आणि सवयीनं वळून दारावरच्या बल्बकडं बघितलं. बल्ब होता तसाच होता. "आता नुस्तं पानी," ती म्हणाली. मला वाटलं तिला आनंद होईल. तिला जरा चुकल्यासारखंच वाटत होतं.

डेअरीतनं निघताना हनुमंतरावांनी काकूंच्या हातात दह्याचा डबा दिला आणि "फुडच्या साली येताना टँकर घिऊन या, जागा हाय," म्हणाले. मी गाडीतला खटका बंद केला, मग भिंतीतला प्लग काढला, वायर पुसून गुंडाळली. बॅटरी काठोकाठ भरलेली. बारामतीला पोचून वर रात्रभर पुरली असती. आबा म्हणाले, "चला, उनाच्या आत."

तात्यांची ट्रॉली पुढं निघाली होती. वस्तीच्या फाट्याशी ती थांबली. आम्हीही थांबलो. बाजेवरनं हात हलला. मी उतरून गेले.

"जोडली म्हंत्यात तार," तात्या म्हणाले.

"जोडली. मी तपासलीय."

"मग दारात घे गाडी."

"तात्या, बॅटरी पूर्ण भरलेली आहे. काही गरज नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. आबा गाडीतनं उतरून आले, त्यांनीही ऐकलं. परत जाऊन स्टिअरिंगवर बसले आणि गाडी वस्तीच्या वाटेला वळवली.

अंगणात पहिल्या दिवशी होती तिथंच गाडी लागली. चौघांनी बाज उतरवली. मी वायर काढली, पूर्ण उलगडली, ओट्यावरच्या प्लगपाशी नेली. प्लग लावायला हात उचलला तर तात्या म्हणाले, "हिकडं आण."

मी वायर त्यांच्याकडं नेली. मग सारिकानं आणि मी बाज ओट्याला भिडवली. तात्यांनी चांगल्या हातानं प्लग धरला. बसेना. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी मला मागं सारलं. पुन्हा लावला. बसला. मी खटका चालू केला.

वायर लागली की मशीन बॅटरीवरनं उतरतं आणि थेट घरच्या विजेवर चालतं. गाडीतल्या आवाजात बारीकसा फरक पडतो, सवयीच्या कानाला कळतो. मला कळला. पलंगावर बसलेल्या काकूंनाही कळला असावा, त्यांनी मान वर केली.

"घेतीया का?" तात्यांनी विचारलं.

"घेतीय, तात्या. श्वास आता तुमच्याच घरचा चाललाय."

काकू नळी सावरत दारापर्यंत आल्या, पायरीवर बसल्या. सारिका दाराशेजारच्या मीटरच्या पेटीकडं बघत होती. आतला वीज मोजणारा लाल दिवा भराभर उघडझाप करत होता. घरातलं एवढं काही चालू नसताना इतका पळताना तिनं तो कधी बघितला नव्हता.

"मामंजी, लईच लुकलुकतंय ह्ये," ती म्हणाली. "बंद करू का?"

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "इमल बसलीया."